डाक आवृत्तीचा मुद्रितशोधक

पुंजा भोयेंना ‘दैनिक उजेडवाट’मध्ये सव्वीस वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात त्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो दोनदा बदलला. पहिल्या फोटोत डोक्यावर दाट केस, दुसऱ्यात चष्मा, तिसऱ्यात नुसता चष्माच. फोटोखालचा शब्द मात्र होता तोच राहिला : मुद्रितशोधक.

आता मुद्रितशोधक म्हणजे काय, हे हल्ली वर्तमानपत्राच्या कचेरीतसुद्धा समजावून सांगावं लागतं. पान छापायला जाण्याआधी ते वाचायचं, लाल पेनानं चुकांभोवती गोल करायचे, दुरुस्त होऊन आलं की पुन्हा वाचायचं, आणि सगळं नीट असलं तर खालच्या कोपऱ्यात आपली खूण करायची. पुंजाभाऊ ‘पुं.’ लिहायचे. ‘पुं.’ असेल तर पानात चूक नाही, आणि ‘पुं.’ नसेल तर पान पुढे सोडायचं नाही, असा जुन्या संपादकांनी घालून दिलेला नियम. पुढे संगणक आले, पानं पडद्यावर लागायला लागली, जुने संपादक गेले. पण डाक आवृत्तीची पानं अजून कागदावर निघायची आणि नाशिकच्या द्वारका सर्कलजवळच्या त्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी, पुंजाभाऊंच्या टेबलावर यायची.

डाक आवृत्ती म्हणजे लांबच्या तालुक्यांचा अंक. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण. गाडी लवकर निघते म्हणून हा अंक सगळ्यांच्या आधी छापायचा. संध्याकाळी सहाला पानं सुटलीच पाहिजेत. सहानंतर जगात काही झालं तर ते डोंगरातल्या माणसाला परवा कळणार. शहर आवृत्तीची मंडळी हसून तिला ‘शिळी आवृत्ती’ म्हणायची. म्हणोत बापडी. सतरा वर्षांपूर्वी डाकचा उपसंपादक नोकरी सोडून गेला, तेव्हा “पुंजाभाऊ, आठ दिवस जरा बघा” म्हणून ती पानं त्यांच्याकडे आली, आणि ते आठ दिवस काही संपले नाहीत. वार्ताहरांच्या बातम्या नीट करणं, मथळे देणं, पान लावणं, आणि वर पुन्हा स्वतःच लावलेलं पान मुद्रितशोधक म्हणून वाचणं. काम सगळं उपसंपादकाचं, हे सगळ्यांना मान्य. पत्र मात्र कोणी देईना. चारदा अर्ज केले. दर वेळी, “पुढच्या वेळी नक्की, पुंजाभाऊ.” घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

या पानांत त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता तो कोपऱ्यातल्या ‘निधन वार्ता’ या सदरात. डोंगरातली माणसं थेट त्यांनाच फोन करायची. “भाऊ, आमचा म्हातारा गेला. पेपरात येल ना?” मग पुंजाभाऊ वही ओढून विचारणार, पाडा कोणता, वय काय, मुलं किती, मुली किती. पाड्याचं नाव चुकलेलं त्यांना खपायचं नाही. आणि अशा बातमीच्या शेवटी एक ओळ असते, तुम्ही वाचली असेल : अमुक शाळेचे शिक्षक तमुक यांचे ते वडील होत. अहो, त्या एका ओळीसाठी लोक तीन-तीनदा फोन करायचे. हुद्दा नीट टाकला ना? वनरक्षक का वनपाल, ते नीट टाका हां. घरोघर ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून मेलेल्या माणसाच्या फोटोशेजारी लावलेलं असायचं. पुंजाभाऊ सुट्टीत गावाकडे गेले की भिंतीवरची स्वतःची कात्रणं वाचत फिरायचे आणि त्यातही चूक शोधायचे.

गाव त्यांचं सुरगाण्याच्या पुढे, आंबेपाडा. तिथे त्यांची आई, भागीबाई. हिला ‘अ’ला ‘अ’ म्हणता येत नव्हता. पोरगा पहिल्यांदा पेपरात लागला तेव्हा तिनं विचारलं होतं, “तिथं करायचं काय तुला?” पुंजाभाऊ तेव्हा सत्तावीस वर्षांचे. ते म्हणाले, “मोठे साहेब लिहितात, त्यातल्या चुका मी काढायच्या. मी खूण केल्याबिगर पेपर निघत नाय.” म्हातारीनं मान हलवली आणि चूल फुंकायला घेतली.

पुढे डाकची पानं हाती आली आणि तेव्हाच्या संपादकांनी “या महिन्यात तुमचं पत्र काढतो” असा शब्द दिला. त्या आनंदात पुंजाभाऊ गावी गेले आणि आईला सांगून बसले, “मी उपसंपादक झालो.” महिना गेला, वर्ष गेलं, पत्र आलंच नाही. तोंडाला पानं पुसली झालं. आता आईला काय सांगायचं? गावात लोक ‘संपादक आले, संपादक आले’ म्हणायला लागले होते. ते ऐकून पुंजाभाऊ मान खाली घालून पुढे व्हायचे. दर दिवाळीला ठरवायचे, यंदा खरं सांगून टाकू, आणि दर दिवाळीला तसेच परत यायचे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याची वेलांटी सोडली नाही, त्यानं स्वतःची एवढी मोठी चूक सतरा वर्षं तशीच राहू दिली. त्यावर एकच उपाय त्यांना दिसत होता, की आई आहे तोवर ते पत्र यावं आणि चुकीचं बरोबर व्हावं. बस्स, एवढीच त्यांची मागणी होती. पगार वाढला नसता तरी चाललं असतं.

पण पत्र येणार कुठून? ‘उजेडवाट’लाच घरघर लागली होती. एकेकाळी पाच जिल्ह्यांत पाच आवृत्त्या. आधी एक गेली, मग दुसरी नाशिकातच लावायला लागले, मग सोळा पानांची दहा झाली. जाहिराती मोबाइलकडे गेल्या. कचेरीतला चहा आधी दोनदाचा एकदा झाला, मग “आपापला आणा” असं झालं. एसी बिघडला तो कोणी दुरुस्त केला नाही. पगार सात तारखेचा वीसला व्हायला लागला. माणसं निरोप समारंभाशिवायच जायला लागली. सकाळी यावं तर खुर्ची रिकामी आणि टेबलावर त्या माणसाची पाण्याची बाटली तेवढी राहिलेली. घरी सिंधुबाई, पुंजाभाऊंची बायको, रोज डबा देताना विचारायची, “आज कोण गेलं?” जसं काही स्मशानातून बातमी आणायची होती.

अशा पडत्या काळात हर्षाली आली. येवल्याची पोरगी, सत्तावीस वर्षांची, जिभेला हाड नाही. पुंजाभाऊंकडे शिकायला म्हणून तिला डाकवर बसवलं. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “काका, तुम्ही मला शिकवताय, मी उपसंपादक. मग तुम्ही मुद्रितशोधक कसे?”

“ते तसंच आहे,” पुंजाभाऊ म्हणाले. “आधी तो ‘की’ बघ. दीर्घ आहे तो.”

“‘की’ मरू दे हो काका!”

मरू कसा देणार? पण पोरगी काही गप्प बसणारी नव्हती. महिनाभर तिनं वहीत मोजदाद केली. संपादकीय विभागात माणसं एकेचाळीस. बायका चार, त्यांतल्या तीन पुरवणीला, पाककृती आणि राशिभविष्य बघायला. आदिवासी एक, तो मुद्रितशोधक. दलित एक, ती स्वतः; दलित वस्तीतली बातमी असली की तिलाच पाठवायचं आणि मंत्र्याची पत्रकार परिषद असली की ठरलेल्या तिघांनाच. मुसलमान वार्ताहर मालेगावात आहे, पण त्याच्या नावानं बातमी लागते ती फक्त दंगलीची. हे सगळं तिनं दोन पानांत लिहिलं आणि मालकांना, संपादकांना, सगळ्यांना पाठवून दिलं. कचेरीत भडका उडाला. “कंपनी बुडायला आली आणि हिला हे सुचतंय!” कोणी तोंडावर बोललं, कोणी मागे. कॅन्टीनमध्ये ती बसली की बाकीचे उठायला लागले. पुंजाभाऊ तिच्यासमोर बसून भाकरी खायचे. त्यांना तो वाद नकोसा झाला होता. पण उठून दुसरीकडे डबा उघडायला जायचा त्यांना कंटाळा यायचा, असं ते सांगायचे.

“पत्रात चुका किती होत्या माझ्या?” एकदा तिनं विचारलं.

“सहा,” पुंजाभाऊ म्हणाले. “पण आकडे बरोबर होते.”

एरवी ते पत्र केराच्या टोपलीत गेलं असतं. पण त्याच सुमाराला मुंबईची कोणीतरी मोठी कंपनी ‘उजेडवाट’मध्ये पैसे घालणार, अशी बोलणी चालली होती. त्या कंपनीच्या फॉर्मात एक रकाना होता : आपल्याकडे सर्व समाजांतील लोकांना समान संधी आहे काय? समिती आहे काय? झालं! आठ दिवसांत ‘समावेश समिती’ निघाली आणि अध्यक्ष म्हणून नोटीस बोर्डावर नाव लागलं, श्री. पुंजा भोये. अध्यक्ष झाले, उपसंपादक नाही झाले. कंसात ‘मुद्रितशोधक’ होतंच.

मग फोटो. मुंबईला पाठवायच्या पुस्तिकेत अध्यक्षांचा फोटो हवा. फोटोग्राफर एक फेटा आणि एक तारपा घेऊन आला. कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेला, त्याला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

“हे काय?” पुंजाभाऊंनी विचारलं.

“तुमचं पारंपरिक वाद्य.”

“हे वारल्यांचं. आम्ही कोकणा. आमच्यात पावरी वाजवतात.”

“मग पावरी वाजवता येते?”

“नाही.”

“मग याला काय होतंय? नुसतं हातात धरा. आणि ते खिशातलं लाल पेन काढा हो, फोटोत वाईट दिसतं.”

पुंजाभाऊंनी पेन काढून ठेवलं. वाद घालायला अंगात त्राण पाहिजे. सव्वीस वर्षं ज्या पेनानं पोट भरलं ते टेबलावर, आणि आयुष्यात न वाजवलेला तारपा हातात, असा तो फोटो निघाला. हर्षालीनं तो पाहिला आणि इतकी चिडली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुंजाभाऊच तिची समजूत घालत राहिले.

आषाढात आई आजारी पडली. धाकट्या बहिणीनं फोनवर सांगितलं, खाणं सुटलंय, उठवून बसवावं लागतं. पुंजाभाऊ दोन दिवसांची रजा काढून जाऊन आले. म्हातारीनं त्यांचा हात हातात धरून ठेवला आणि विचारलं, “काम हाय ना रं नीट?” ते “हाय” म्हणाले. परत येताना सुरगाण्याच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून त्यांनी ठरवलं, या वेळी संपादकांच्या पायाच पडायचं, पण पत्र घ्यायचं. लाज गेली खड्ड्यात.

तशी वेळच आली नाही. परतल्या परतल्या संपादक वाल्मीकरावांनीच त्यांना केबिनमध्ये बोलावलं. वाल्मीकराव माणूस वाईट नव्हता. निफाडकडचा, दिलदार, पण मालक आणि माणसं यांच्यामध्ये सापडून पार पिचून गेला होता. त्यांनी पंखा पुंजाभाऊंकडे वळवला आणि दोन कागद पुढे ठेवले.

पहिला कागद म्हणजे यादी. महिनाअखेर कमी करायची माणसं, एकोणीस नावं. डाक आवृत्ती बंद. मुद्रितशोधक ही जागाच रद्द. आता ते काम संगणक करणार. तिघा मुद्रितशोधकांत पुंजा भोये हे नाव होतंच. आणि अठराव्या क्रमांकावर हर्षाली. प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेलं. हर्षालीपुढे लिहिलं होतं, ‘कामात वारंवार चुका व अनियमित हजेरी.’ यादीच्या खाली छापलेलं, ‘कोणावरही समाज, जात वा लिंग यांवरून अन्याय झालेला नाही, याची समावेश समितीने खात्री केली आहे.’ आणि अध्यक्षांच्या सहीसाठी जागा.

दुसरा कागद पुंजाभाऊंनी हातात घेतला आणि त्यांचे डोळे तिथेच थांबले. श्री. पुंजा लक्ष्मण भोये यांची शहर आवृत्तीत ‘उपसंपादक’ या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. कंपनीचा शिक्का होता. मालकांची सही तेवढी बाकी.

“यादीवर तुमची सही झाली की यावर मालकांची होते,” वाल्मीकराव म्हणाले. “तुमचं नाव यादीतून निघतं. मी भांडून आणलंय हे, पुंजाभाऊ. माझ्याच्यानं एवढंच होतंय.”

सतरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते पत्र हातात होतं. एक सही केली की परवाच्या एसटीनं जाऊन आईच्या उशाशी ठेवता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं तर काय झालं, शिक्का तर दिसला असता! त्यांचा हात खरोखरच खिशाकडे गेला. पण सवय वाईट. सही करण्याआधी कागद वाचायचा, ही सव्वीस वर्षांची सवय. त्यांनी यादी पहिल्या नावापासून वाचायला घेतली. वाल्मीकराव खिडकीबाहेर द्वारका सर्कलवरची गाड्यांची गर्दी बघत बसले. अठराव्या नावाशी आल्यावर पुंजाभाऊंच्या लाल पेनानं ‘अनियमित हजेरी’भोवती एक गोल काढला.

“साहेब, हे चुकलंय. ही पोरगी दीड वर्षात दोन दिवस गैरहजर होती. हजेरी माझ्या शेजारच्या टेबलावर लागते.”

“पुंजाभाऊ, ते कारण वरून आलंय.”

“आणि कामातल्या चुका म्हणता, तर तिचं पान मी वाचतो. माझ्यापेक्षा ते कोणाला ठाऊक?”

“अहो, सही नाही केलीत तरी ती जाणारच आहे! समितीत दुसरे दोघं आहेत, ते करतील. तुम्ही फुकट जाल. घरचा विचार करा.”

थकले होते हो पुंजाभाऊ. न्याय, अन्याय, समिती, सगळ्याचा त्यांना वीट आला होता, आणि ते पत्र त्यांना मनापासून हवं होतं. शेवटी त्यांनी दोन्ही कागद नीट जुळवून वाल्मीकरावांपुढे ठेवले.

“चुकीच्या पानावर मी कधी ‘पुं.’ केलं नाही साहेब,” ते म्हणाले. “आता जाता जाता कुठे करू?”

वाल्मीकरावांनी कपाळाला हात लावला. “धन्य आहे तुमची,” एवढंच म्हणाले. त्यात राग होता, पण नुसताच राग नव्हता. म्हणतात, पुढच्या यादीत त्यांचंही नाव होतं आणि त्यांना ते तेव्हाच कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या दुसऱ्या सदस्यानं सही केली. एकोणीसच्या एकोणीस जणांना महिन्याची नोटीस मिळाली. हर्षालीला कुठून तरी सगळा प्रकार कळला, आणि ती पुंजाभाऊंच्या टेबलापाशी येऊन कडाकडा भांडली. “मी तशीही जाणारच होते! मला कुठेही काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण घेणार? घ्यायचं होतंत ना ते पत्र!”

“आवाज कमी कर,” पुंजाभाऊ म्हणाले. “सहा वाजत आले. तुझं पान कुठंय?”

ती तिथेच खाली बसून रडली आणि मग पान घेऊन आली.

महिना संपायला पाच दिवस उरले असताना पहाटे आई गेली. हर्षालीला फोनवर कळवून पुंजाभाऊ आणि सिंधुबाई पहिल्या एसटीनं निघाले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पाऊस उघडला होता, भाताची रोपं लावायची आवणी चालू होती, तरी आख्खा पाडा काम टाकून आला होता. चारच्या सुमाराला पुंजाभाऊ एकटेच वरच्या टेकाडावर गेले. आंबेपाड्यात मोबाइलला रेंज येते ती तिथेच, एका मोहाच्या झाडाखाली. फोन खिशातून काढला तर हर्षालीचे चार संदेश येऊन पडले होते. डाकचं शेवटच्या आठवड्यातलं पान लागलं होतं. निधन वार्ता तिनं स्वतः लिहिली होती, आणि त्या तुकड्याचा फोटो काढून पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘काका, पाड्याचं नाव बरोबर आहे ना? सहाच्या आत कळवा. नाही कळवलं तर असंच सोडते.’

पुंजाभाऊंनी चष्मा पुसला आणि वाचलं :

‘आंबेपाडा (ता. सुरगाणा) येथील भागीबाई लक्ष्मण भोये (वय ७९) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात एक मुलगा, दोन मुली, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे. ‘उजेडवाट’चे उपसंपादक पुंजा भोये यांच्या त्या मातोश्री होत.’

ते त्या झाडाखाली बसले आणि सकाळपासून पहिल्यांदा रडले. आईसाठी रडले आणि त्या एका शब्दासाठीही रडले. पोरीनं किती मायेनं टाकला होता तो शब्द! कोणाचं काय बिघडणार होतं? चार दिवसांनी आवृत्तीच बंद होणार होती. कोणी विचारणार नव्हतं, कोणी तक्रार करणार नव्हतं. आणि गावाला तर हेच ठाऊक होतं. ‘मुद्रितशोधक’ छापून आलं, तर म्हातारी सतरा वर्षं खोटं सांगत होती असं होणार. मेलेल्या आईला तिच्याच निधन वार्तेत खोटं पाडायचं? खाली पाड्यातून बायकांचा रडण्याचा आवाज येत होता. साडेपाच झाले. पावणेसहा झाले.

शेवटी त्यांनी फोन लावला. “हर्षाली, पाड्याचं नाव बरोबर आहे. वयही बरोबर आहे. शेवटच्या ओळीत एक शब्द चुकलाय.”

ती म्हणाली, “काका, राहू द्या ना. एवढा एकच.”

“लोकांचे हुद्दे मी तीन-तीनदा विचारून टाकले बाई,” पुंजाभाऊ म्हणाले. “वनरक्षकाला वनपाल होऊ दिलं नाही. माझा चुकीचा कसा टाकू? दुरुस्त कर, आणि माझं ‘पुं.’ आहे असं समज.”

तिनं दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता एसटीनं गठ्ठा आला आणि पाड्यात एक अंक पोचला. ओसरीवर माणसं बसली होती. मधोमध बारकूबाबा, भागीबाईच्या बरोबरीचा, कानानं थोडा कमी. शाळेत जाणाऱ्या एका नातीला त्यांनी वाचायला सांगितलं. पुंजाभाऊ भिंतीला टेकून खाली बघत बसले. पोरगी खणखणीत आवाजात वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर अडखळली. “मु-द्रि-त-शो-धक पुंजा भोये यांच्या त्या मातोश्री होत.”

पुंजाभाऊंनी मनाशी ठरवलं, आता विचारतील तर सगळं सांगून टाकायचं. ते खाकरले. “बाबा, मी आईला सांगितलेलं की मी उपसंपादक—”

“काय संपादक?” बारकूबाबांनी कानामागे हात धरला.

“उपसंपादक. ते मी कधी झालोच नाय. आई तुम्हाला जे सांगायची ते—”

“त्ये तर ती कधी बोललीच नाय!” बारकूबाबा म्हणाले. “मी इचारलं व्हतं एकदा. म्हनलं, भागे, तुझा पोसा पुंजा सायेब झाला म्हनत्यात, खरं का? तर म्हनली, त्यो आला दिवाळीला, म्हनला मोठी जागा मिळाली. पन फुडच्या दिवाळीला त्याचं तोंड सांगत व्हतं मिळाली नाय म्हून. मी काय त्याला टोकलं नाय.” म्हाताऱ्यानं दम घेतला. “आन् म्हनली, मोठे सायेब लिवत्यात त्यातल्या चुका माझा पोसा काढतो. त्यानं खूण केल्याबिगर पेपर निघत नाय. त्यो सायेब कशाला हुईल? तवापासून आमी तुला संपादक म्हनतो. त्या शबदाचा अर्थ त्योच ना रं?”

सिंधुबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, नवऱ्याकडे बघितलं आणि तांब्या त्यांच्या हातात देऊन तिथेच खाली बसली.

“पुन्यांदा वाच गं,” बारकूबाबा नातीला म्हणाले. “त्यो लांब शबद नीट वाच.”

पोरीनं पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता. दुपारी कोणीतरी कात्री आणली. पुंजाभाऊंनी स्वतःच्या हातानं ते कात्रण कापलं, एकदा नीट वाचून पाहिलं, आणि खिशातलं लाल पेन काढून खालच्या कोपऱ्यात ‘पुं.’ लिहिलं. मग ते प्लास्टिकमध्ये घालून आईच्या फोटोशेजारी लावलं. तीस तारखेला कचेरीत ओळखपत्र परत द्यायला जायचं होतं, म्हणून आदल्या दिवशीची संध्याकाळची एसटी किती वाजता आहे ते त्यांनी विचारून ठेवलं.